वाटीवरचं निकेल

ढगेअण्णा कुणाकडे चहाला आले की बसायच्या आधी नळ कुठे आहे ते विचारतात. ज्या पेल्यातून चहा मिळणार तो पेला घेऊन स्वयंपाकघरात जातात, त्यावर पाण्याची धार सोडतात, पेला उजेडाकडे तिरका धरतात आणि तीसपर्यंत मोजतात. तीस होईपर्यंत पाणी पातळ पडद्यासारखं पेल्याला धरून राहिलं तर पेला पास. मधेच पडद्याला भोक पडून थेंब वेगळे झाले, तर पेला घरच्या बाईच्या हातात परत देतात आणि अगदी हळू, कुणाच्या आजाराची बातमी सांगावी तसं म्हणतात, "वैनी, पानी फुटायलंय."

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत बारा घरं. त्यातल्या नऊ घरांनी हे वाक्य ऐकलंय, दोन घरं बंद असतात आणि एक अण्णांचं स्वतःचं. आकडा नेमका सांगितलेला बरा. मी पाटबंधारे खात्यात आहे, धरणाची पातळी रोज लिहितो. अंदाजे बोलायची सवय लागली की ती कागदावरही उतरते.

अण्णांची नोकरी एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात झाली. एकतीस वर्षं. मोटारसायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, कपाटांच्या मुठी, असा माल यायचा. त्यावर आधी निकेल चढवायचं, मग क्रोम. पण चढवण्याआधी माल स्वच्छ हवा, आणि स्वच्छ म्हणजे आपल्या डोळ्याला दिसतो तसा स्वच्छ नव्हे. एका बोटाचा तेलकटपणा राहिला तरी तिथे निकेल धरत नाही आणि सहा महिन्यांनी पापुद्रा सुटतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. माल पाण्यात बुडवून वर धरायचा. जिथे तेलाचा अंश असेल तिथून पाणी मागे सरतं. दिवसातून काहीशे वेळा, एकतीस वर्षं हेच केलेला माणूस घरी बसला तर त्याच्या हातांनी करायचं काय?

मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. अण्णांचे तीस आकडे चौतीस सेकंदांत होतात. त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मंग चार सेकंद गिऱ्हाइकाला फुकट दिले की. तक्रार कशाची करायलाव, साहेब?"

अण्णा जामखेडकडचे. त्यांच्या मते जगात जे काही घडतं ते वरच्या थराला घडतं. "चिकटायचं तिथं, सुटायचं तिथं, गंजायचं तिथं. आतलं लोखंड बिचारं नुसतं वजन देतं." हा सिद्धांत त्यांनी कुठल्याही विषयाला लावलेला मी ऐकला आहे.

आमचे सोसायटीचे चेअरमन केस रंगवतात. एका वार्षिक सभेत, पाणीपट्टीचा विषय चालू असताना, अण्णा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि डोक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चेअरमन, तेल लावून वर रंग मारलाव न्हवं? धरंल कसा? केस म्हंजे तरी काय, प्रोटीन. नख, केस, दुधावरची साय, समदी एका जातीची. आधी रिठ्यानं धुवा, पानी फुटतंय का बघा, मंग चढवा." चेअरमन दीड महिना त्यांच्याशी बोलले नाहीत. पण पूर्वी त्यांचा रंग तीन आठवडे टिकायचा, तो आता पाच टिकतो. हे मी दुरून, पण नियमित निरीक्षण करून सांगतो आहे.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीची थाळी पाण्याच्या जारपाशी नेऊन तीच परीक्षा घेतली. मागे तेवीस माणसं रांगेत उभी होती. मुलाचे मामा पुढे आले. "पाहुणे, काय शोधताय?"

"काय न्हाई. मागच्या मानसाचं तेल अजून हाय हिच्यावर. तुमी जेवा निवांत. मला पत्रावळ द्या."

त्या लग्नात चारेकशे माणसं स्टीलच्या थाळीत जेवली आणि एक पत्रावळीवर. पत्रावळ मागवायला केटरिंगवाल्याने माणूस बाहेर पाठवला होता.

माझ्या बायकोला त्यांनी दूध तापवायला शिकवलं, म्हणजे शिकवायला गेले. "वैनी, पातेलं आधी नुसतं पान्यानं खळाळून घ्या. पुसायचं न्हाई. पान्याचा थर आधी बसला की दुधातल्या प्रोटीनला चिकटायला जागाच न्हाई." बायको म्हणाली, आमची आई आयुष्यभर तसंच करते. अण्णांनी क्षणभर विचार केला. "मंग तुमच्या आईला आमच्या कारखान्यात घ्यायला पायजे हुतं."

हसू येतं, पण माझ्यावर त्यांचा उपकार आहे, तोही नोंदवला पाहिजे. राहुरीकडे कालव्याखाली माझ्या वाट्याची पावणेदोन एकर जमीन आहे. ती चोपण झाली होती. पाणी दिलं की तीन दिवस वरच उभं राहायचं, आत मुरायचं नाही. अण्णांनी तिथलं एक ढेकूळ मागवून घेतलं आणि काचेच्या ग्लासात, पाण्यात हलकेच सोडलं. दुसऱ्या दिवशीही ते पाणी चहासारखं गढूळच. अण्णा ग्लासापाशी खुर्ची घेऊन बसले होते. "बघा. तळाला बसायला तयार न्हाई. मातीच्या कनांनी एकमेकाचा हात सोडलाय. जमीन चांगली हाय, साहेब, फकस्त वरचं बिघडलंय. जिप्सम टाका, चर काढा. हात धरला की पानी जाईल आत." दोन हंगाम तसं केलं. आता सकाळी दिलेलं पाणी संध्याकाळपर्यंत मुरतं. यात चरांचा भाग किती आणि जिप्समचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण तो ग्लास अण्णांचा होता.

शांताकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, राजूरच्या. पाऊस पडत नाही तिथला नवरा आणि पाऊस थांबत नाही तिथली बायको, असं त्या स्वतःच म्हणायच्या. मूलबाळ नाही. अण्णा आमच्या स्वयंपाकघरात तीस मोजत असले की काकू खालच्या गॅलरीतून ओरडायच्या, "वैनी, त्यांला चहा वाटीत वता, न्हाईतर तपासूनशान शिळा व्हईल." आणि मग, निम्म्या आवाजात, पण ऐकू जाईल अशा: "पेल्याला इचारत्यात, मानसाला इचारीत न्हाईत."

त्यांच्या घरचं पाणी कधीच फुटलं नाही. अण्णा हे अभिमानाने सांगत. चाळीस वर्षांत एकदाच फुटलं होतं आणि चौकशीअंती दोष सोसायटीच्या टाकीचा निघाला होता.

आता त्या वाटीकडे येतो.

काकूंकडे त्यांच्या आईची काशाची वाटी होती. तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासतात, तूप काळं होतं, आणि अंगातली उष्णता बाहेर आली असं म्हणतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. राजूरकडे भातलावणीच्या दिवसांत पाय दिवसभर चिखलात. संध्याकाळी काकूंची आई चुलीपाशी बसून एकेका पोरीचे पाय मांडीवर घ्यायची. घासून घासून वाटीचा तळ पातळ झालेला. लग्नात काकूंनी आईकडे दुसरं काही मागितलं नाही, ही वाटी मागितली. दर रविवारी दुपारी काकू गॅलरीत बसून स्वतःचे तळवे स्वतः घासायच्या. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी ते पाहिलं आहे.

अण्णा शेजारी बसून शास्त्र सांगायचे. "उष्नता बिष्नता काय न्हाई. काशात तांबं हाय. तांबं आन तूप, दोघांचा साबन हुतो. काळा साबन. हाय काय त्यात?"

काकू म्हणायच्या, "व्हय. बरं. सरका जरा, उजेड आडवताय."

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली त्या वर्षी अण्णांनी काकूंना न सांगता ती वाटी कारखान्यात नेली. डाग पडलेली, हिरवट, काळवंडलेली वाटी त्यांना रोज खुपत असणार. ती त्यांनी धुतली, घासली, टाकीत सोडली, निकेल चढवलं, वर क्रोम दिलं. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातच आम्हा सगळ्यांना दाखवली. मी म्हणालो, आरशासारखी झाली. चेअरमन म्हणाले, चांदीची वाटते. काकूंनी ती हातात घेतली, तिच्यात आपला चेहरा पाहिला, म्हणाल्या, "झ्याक झालीया." आणि आत नेऊन ठेवली.

त्यानंतर रविवारी दुपारी त्या गॅलरीत बसायच्या त्या मेथी निवडत. मला हे आठवतं, कारण बघायचं म्हटलं तर मीही पाहिलं होतं. लक्षात आलं नाही, एवढंच.

मागच्या जानेवारीत काकूंच्या तळव्यांची आग व्हायला लागली. साखर होतीच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थोडा फरक पडला. मग एका दुपारी त्या अण्णांना म्हणाल्या, "आईची वाटी काढा वो जरा."

पुढचं मला अण्णांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आमच्याकडे आले, बसले, बायकोने समोर ठेवलेला चहा त्यांनी न तपासता प्यायला. मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"अर्धा घंटा घासलं, साहेब. तूप पिवळंच्या पिवळं. काळं यायला तांबं पायजे, आन तांब्यावर तर म्याच झाकन घालून ठिवलं. तिनं तुपाकडं बघितलं, म्हनली, ऱ्हाऊ द्या, हात दुखत्याल."

त्यांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला.

"तेरा वर्षं तिनं ती वाटी घेतलीच न्हवती. मला वाटायचं, चमकाय लागली म्हनून जपून ठिवलीय."

"अण्णा, पण काळं येणं म्हणजे उष्णता नाही, हे तुम्हीच सांगायचा," मी म्हणालो. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, पण चुकीच्या वेळी बरोबर बोलायची मला खोड आहे.

"न्हाईच हाय. पन ती काय म्या सांगितल्यावर झोपती का? काळं बघितल्यावर झोपती."

निकेल उतरवायचं, असं त्यांनी ठरवलं. मला वाटलं होतं, जिथे चढवलं तिथेच उतरवता येईल. तसं येतंही. वीज उलटी फिरवली की निकेल सुटतं. पण अण्णांनी मान हलवली. "निकेल संपलं की टाकी कासं खायाला लागंल. तळ आधीच पापडासारखा हाय. कुठं थांबायचं ते टाकीला कळत न्हाई. हाताला कळतं."

क्रोम ॲसिडाच्या एका बुडीत गेलं. निकेलसाठी मात्र बारीक पॉलिश पेपर आणि पाणी. त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे एकतीस वर्षांच्या नोकरीने अण्णांच्या हाताला निकेलची खाज दिली आहे. दहा मिनिटं ती भुकटी लागली की बोटांच्या पेरांना चिरा पडतात. दुसरी अडचण अण्णांनी खाली मान घालून सांगितली.

"दुसऱ्या मालाला वीस मिनिटं देत हुतो. हिला चाळीस दिली. घरचा माल म्हनून दुप्पट चढवलं."

वेळ आणि करंट त्यांना तेरा वर्षांनीही पाठ होता. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला: वाटीवर साडेतीन ग्रॅम निकेल असावं. इथे माझा प्रवेश झाला. मी दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा एक छोटा काटा विकत आणला, घरी सांगितलं चहापत्ती मोजायला. दर रविवारी काकू दुपारच्या झोपेत असताना अण्णा वाटी रुमालात गुंडाळून वर यायचे. मी तीनदा वजन करायचो आणि मधला आकडा वहीत लिहायचो. पहिला आकडा दोनशे अठरा पूर्णांक सहा. आठवड्याला एक दशांश कमी व्हायचं, कधी दोन, आणि त्यांच्या बोटांचं रक्त यायला लागलं की एखादा आठवडा काहीच नाही.

"आधी तळ करा ना," मी एकदा म्हणालो. "घासायला तळच लागतो."

"तळालाच जास्त चढलंय, आन तळच पातळ हाय. आधी काठावर हात बसू द्या. तिथं शिकतो, मंग खाली जातो. आईची वस्तू हाय तिच्या. भोक पडलं तर?"

बरोबर होतं ते. मी पुन्हा बोललो नाही. अजून वाटतं, बोलायला हवं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी वाटीवर, हिशोबाप्रमाणे, अडीच ग्रॅम निकेल शिल्लक होतं. तळ तर अख्खा पांढराशुभ्र. पण ज्या फडक्यात वाटी आणली होती ते फडकं काळं होतं. तुपाने ओलं आणि काळं. मी फडक्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"अण्णा, निकेलवरून काळं येत नाही म्हणालात."

अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. "काजळ हाय."

"काय?"

"तुपात काजळ कालवतो. संध्याकाळी चिमनीएवढ्या उजेडात घासतो. काळं निगतं. ती बघती, म्हनती, आज लई निगाली. आन झोपती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला सांगू नका. खरी वाटी हुईस्तवर फकस्त."

पेल्यावर बोटभर तेल राहिलं तर चहा न पिणारा हा माणूस. मी वहीत फक्त वजन लिहिलं.

काटा चहापत्तीसाठी नव्हता हे बायकोच्या केव्हाच लक्षात आलं होतं, म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "काकूंना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"काजळ. मागच्या आठवड्यात मला म्हणाल्या, डबीतलं काजळ निम्म्यावर आलंय, आन आमच्या घरात डोळ्यात घालनारं हाय कोन? वासही येतो म्हणाल्या, कापराचा."

"मग त्या अण्णांना बोलल्या नाहीत?"

"म्हणाल्या, त्यांला कळू दिऊ नका. चाळीस वर्सांत पहिल्यांदा पाय मांडीवर घेतल्यात. येवढं शास्त्र सांगनारा मानूस, खोटं करताना बघायला लई ग्वाड वाटतं."

तेव्हापासून चार महिने आमच्या घरात दोन गुपितं एकाच फळीवर होती. खालून संध्याकाळी आवाज यायचा, "बघ, किती निगतंय," आणि काकूंचा, "व्हय वो, आज गरमी लई हुती अंगात." मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मेमध्ये काठ उघडा पडला. पिवळसर, तांबूस, जुना रंग, नखाएवढ्या रुंदीचा. अण्णांनी तो मला दाखवला तेव्हा त्यांच्या आठ बोटांना चिकटपट्ट्या होत्या. जूनमध्ये आतली बाजू मोकळी झाली. राहिला तळ. अण्णा पॉलिश पेपर आणखी बारीक आणायला लागले आणि दिवसातून तीनदा बसायला लागले, कारण काकू आता दुपारभर झोपायच्या. मग बऱ्याच वेळा सकाळीही.

आषाढात, एका मंगळवारी सकाळी, काकू गेल्या. झोपेत. तळवे थंड होते, असं अण्णांनी आल्यागेल्याला सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

त्या आधीच्या रविवारची नोंद माझ्या वहीत आहे. वाटीवर नऊ दशांश ग्रॅम निकेल शिल्लक होतं.

दिवसकार्य झालं. राजूरची माणसं आली, राहिली, गेली. तेराव्याच्या भांड्यांचं पाणी कुणी तपासलं नाही. नंतरच्या रविवारी दुपारी अण्णा वर येतील की नाही, हे मला ठरवता येईना. काटा कपाटात ठेवावा की टेबलावर, एवढं ठरवायलाही वेळ लागला. शेवटी टेबलावर ठेवला. अण्णा आले. वाटी रुमालातून काढली, काट्यावर ठेवली. मी तीनदा वजन केलं.

"अण्णा," बायको म्हणाली, "आता कशाला हात फोडून घेता?"

"अर्धवट काम ठिवलं तर पापुद्रे सुटत्यात, वैनी." एवढंच म्हणाले आणि चहा न घेता खाली गेले.

पुढचे चार महिने त्यांच्याकडून विनोद कमी झाला. पेले तपासायचे, पण पाणी फुटलं तरी सांगायचे नाहीत; स्वतःच पुन्हा घासून आणायचे. चेअरमननी एकदा मुद्दाम डोकं पुढे करून विचारलं, "काय अण्णा, ठीक धरलाय का?" अण्णा म्हणाले, "चांगला धरलाय," आणि निघून गेले. चेअरमनना ते फार लागलं. मला म्हणाले, यांना बरं नाही का?

मी मात्र दर रविवारी वजन करत होतो. आठ दशांश. सात. सहा, सहा, पुन्हा सहा. पाच. असं करत एकावर आलं. शेवटचे तीन आठवडे काटा हललाच नाही, आणि अण्णा म्हणाले, "आता काट्याचं काम न्हाई. आता रंगाचं हाय."

मागच्या रविवारी ते साडेतीनला आले. नेहमीच्या रुमालाऐवजी वाटी हातात उघडी होती. दुसऱ्या हातात लहानशी तुपाची डबी, खांद्यावर जुना पंचा. वाटी टेबलावर पालथी ठेवली. तळ मोकळा होता. कुठे कुठे हातोडीच्या जुन्या ठोक्यांत पांढरे ठिपके राहिले होते, ते सोडले तर सगळं कासं. बारीक, पातळ, पण अखंड. भोक नव्हतं.

"झालं," ते म्हणाले.

मी काटा पुढे ओढला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला.

"साहेब, पाय द्या."

मला कळायला वेळ लागला. अण्णांचं वय एकाहत्तर, माझं बावन्न. एकोणीस वर्षांनी मोठ्या माणसाने माझ्या पायांना हात लावायचा, हे मला कुठल्याच बाजूने बसेना. मी म्हणालो, "अण्णा, असं नका करू. तुम्ही मोठे आहात. पाहिजे तर मी तुमचे घासतो."

"माझे म्या घासून बघितले. वाकता येत न्हाई. काळं आलं का न्हाई ते दिसंना." मग म्हणाले, "आन स्वतःचं स्वतःला घासून काय कळत न्हाई."

मी बायकोकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान खाली घातली आणि आत गेली.

मी मोजे काढले. अण्णा जमिनीवर बसले, भिंतीला टेकले, मांडीवर पंचा पसरला आणि माझा उजवा पाय उचलून त्यावर ठेवला. बोटाने तूप लावलं. त्यांची पेरं खरबरीत होती, भरत आलेल्या चिरांची. मग वाटी. पहिल्यांदा नुसती गार लागली. ते टाचेपासून बोटांपर्यंत एकसारख्या लांब हाताने घासत होते. मी छताकडे बघत होतो.

"आलं," अण्णा म्हणाले.

मी खाली पाहिलं. तूप आधी राखाडी, मग हिरवट, मग काजळासारखं काळं होत चाललं होतं. काजळ नव्हतं. खरं होतं. वाटी सरकेल तिथे तिच्या मागे काळी रेघ उमटत होती.

मला वाटलं, ते शास्त्र सांगतील, तांब्याचं आणि साबणाचं. मी ऐकायला तयारही होतो. त्यांचा हात मात्र थांबला. ते माझ्या पायाकडे बघत राहिले, बराच वेळ, जणू तो पाय चुकून तिथे आला असावा.

"तिचा डावा आधी आसायचा," ते म्हणाले.

मी उजवा पाय हळूच काढून घेतला आणि डावा त्यांच्या मांडीवर ठेवला.